.२२ प्रोन रायफलची नवी बॅरल : निवड, मोजमाप, बसवणी

९ जून २०२४
रायफल जर्मन बनावटीची, एका वेळी एकच गोळी घालायची, ५० मीटर प्रोनसाठी, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारासाठी. सँडबॅगवर ठेवून दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे त्यांच्या भोकांचा पसारा, आता २३ ते २५ मिमी येतोय. काडतुसांचा लॉट (एका वेळी बनलेली खेप) तोच, पण गेल्या हिवाळ्यात त्याच लॉटने १५-१६ दिला होता. सगळे आकडे केंद्र ते केंद्र आहेत.

१६ हा आकडा महत्त्वाचा का, ते नव्या मुलांसाठी लिहून ठेवते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं आणि गोळी ५.६ मिमीची. वर्तुळाला गोळीची कड लागली तरी दहा मिळतात. म्हणजे ग्रुप मधोमध बसला आणि १६ मिमीच्या आत राहिला, तर रायफल स्वतःहून एकही नऊ देणार नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिमी. २४ चा ग्रुप घेऊन प्रोनमध्ये उतरायचं म्हणजे प्रत्येक मालिकेत दोन-तीन गुण रायफलच खाणार.

१६ जून
बॅरलवर संशय घेण्याआधी बाकी सगळं तपासून काढलं, कारण ती सगळ्यात महाग आणि सगळ्यात वेळखाऊ गोष्ट आहे. स्टॉकचे दोन्ही स्क्रू ५ न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने घट्ट केले. फायरिंग पिनची स्प्रिंग बदलली. साइट काढून दुसऱ्या नेमबाजाची चांगली चालणारी साइट लावून पाहिली. तेवढ्या वेळात दादांच्या रायफलमध्ये माझा लॉट मारून घेतला, त्यांना १६.५ आला. म्हणजे काडतूस ठीक आहे, साइट ठीक आहे, बसवणी ठीक आहे.

मग बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आतलं दाखवणारी बारीक दुर्बीण, घातला. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे, खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात त्या जागी पोलाद खरबरीत झालंय, बारीक भेगांचं जाळं दिसतंय. .२२ च्या काडतुसात प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या, मसाल्यात काचेची पूड असते. तिचे कण नळीच्या तळाशी पडतात आणि पुढची गोळी त्यांच्यावरून जाते. हजारो गोळ्यांनंतर नेमका तळ झिजतो. वरची बाजू अजून आरशासारखी आहे. मऊ शिशाच्या गोळीला एका बाजूने ओरखडा आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत पृष्ठभाग मिळाला की ती सरळ कशी जाईल?

नवी बॅरल लागणार.

३० जून
आधी कागदांची बाजू, कारण इथेच लोक अडकतात.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मधल्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच आहेत. नुसती बॅरलसुद्धा त्यात येते. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं या सगळ्याला परवाना लागतो. आयातीचा परवाना कलम १० खाली वेगळा. मी भोसरीत गेज रूममध्ये काम करते. माझ्या ओळखीत असे टर्नर आहेत जे ६०० मिमीच्या जॉबवर पाच मायक्रॉन सहज धरतात. त्यांच्याकडे हे काम द्यायचं नाही, मनातही आणायचं नाही. परवानाधारक गनस्मिथ मुंबईचे आहेत, आयात त्यांच्या परवान्यावर होईल आणि बसवणीही तेच करतील. मी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी अर्ज दिला : कुठल्या नंबरची रायफल, बॅरल का बदलायची, काम कोण करणार. पोच घेतली. ही पोच पुढे प्रत्येक टप्प्यावर कामी आली.

दुसरं, तीन जण एकत्र आलो. मी, दादा आणि रेंजवरची एक ज्युनिअर मुलगी, जिच्या वडिलांनी तिच्यासाठी जुनी रायफल घेतली आहे. एका बॅरलसाठी जो निर्यात परवाना, जे भाडं, जो कस्टम एजंट लागतो, तोच तिघांसाठी लागतो. अमेरिकेतून माल निघायला तिकडच्या वाणिज्य खात्याचा परवाना, जर्मनीतून निघायला तिकडच्या निर्यात नियंत्रण कार्यालयाचा. दोन्हीकडचा वेळ आपल्या हातात नाही.

१४ जुलै
काय मागवायचं यावर आठवडाभर वाद झाले. निष्कर्ष असे.

आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या पिळाच्या खाचा, कसे पाडलेत? तीन मुख्य रीती. एक, एका दाताच्या हत्याराने थोडं थोडं कापत एकेक खाच पाडायची. अमेरिकेतल्या क्रीगर आणि बार्टलाइन या रीतीच्या बॅरलसाठी ओळखल्या जातात. दोन, कार्बाइडचं बटण नळीतून दाबून किंवा ओढून न्यायचं, धातू कापला जात नाही, सरकतो. शिलेन, लिल्जा आणि जर्मनीची लोथर वॉल्थर बटणवाल्या. तीन, मँड्रेलवर बाहेरून हातोड्यांनी ठोकून, म्हणजे हॅमर फोर्जिंग. हे कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सोयीचं.

रेंजवर लोक यावर धर्मयुद्ध करतात. माझं मत : .२२ मध्ये कापलेल्या आणि बटणवाल्या, दोन्ही बॅरल विश्वविक्रम करतील अशा असू शकतात आणि दोन्हींत वाईट नगही निघतात. फरक पुढच्या कामात पडतो. बटणाने धातूत ताण राहतो. तो उष्णतेच्या प्रक्रियेने नीट काढला नसेल आणि नंतर कोणी बाहेरून बॅरल बारीक केली, तर जिथे भिंत पातळ झाली तिथे आतला व्यास उघडतो. नेमका तोंडाकडे उघडतो, जिथे तो घट्टच हवा. म्हणून आमचा नियम ठरला : बटणवाली असेल तर बाहेरून सरळ दांडा, निमुळती करायची नाही, खाचा पाडायच्या नाहीत. वजन वाढतं, पण ५० मीटर रायफलला ८ किलोची मर्यादा आहे आणि मी तिच्यापासून लांब आहे.

पोलाद : क्रोम-मॉली किंवा ४१६आर स्टेनलेस. शिशाच्या गोळीला आणि .२२ च्या थोड्याशा दारूला दोन्ही टिकतात. पुण्याच्या पावसाळ्यात क्रोम-मॉलीला रोज तेलाचा हात लागेल, इतकाच फरक.

पीळ : १६ इंचाला एक फेरा, म्हणजे ४०६ मिमी. सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाची ४० ग्रेनची गोळी त्यात सेकंदाला ८०० फेरे घेते. .२२ साठी हेच रुळलेलं माप आहे, इथे प्रयोग करायचं कारण दिसलं नाही.

लांबी : .२२ ची दारू पहिल्या ४०-४५ सेंटिमीटरमध्ये काम संपवते, पुढची नळी गोळीला वेग देत नाही. ६६० मिमी घेतो ती साइटच्या अंतरासाठी आणि तोलासाठी. छोटी बॅरल घेऊन पुढे पोकळ नळकांडं जोडलं तरी साइटचं अंतर तेवढंच मिळतं. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडला.

२१ जुलै
बनवणाऱ्यांना पाठवलेले प्रश्न. उत्तर देणारा कसा आहे यावरूनच बरंच कळतं.

आतून हाताने लॅपिंग, म्हणजे घासून गुळगुळीत करणं, केलंय का, आणि आटे पाडल्यानंतर की आधी? व्यास पूर्ण लांबीत किती बदलतो, तो एअर गेजने (हवेच्या दाबावर मोजणाऱ्या उपकरणाने) मोजलाय का, आलेख पाठवाल का? घट्ट टोक कुठलं, त्यावर खूण आहे का? ताण काढण्याची प्रक्रिया कधी केली? आटे सम संख्येत आहेत का?

शेवटचा प्रश्न मोजमापासाठी. सहा किंवा आठ आटे असले की शिशाचा नमुना समोरासमोरच्या खाचांवर साध्या मायक्रोमीटरने मोजता येतो. पाच असले तर समोर उंचवटा येतो आणि साधा मायक्रोमीटर निरुपयोगी ठरतो.

एकाने एका ओळीत लिहिलं की आमच्या सगळ्या बॅरल उत्तम असतात. त्याचं नाव यादीतून काढलं.

१ ऑगस्ट
आज मोजमाप नाही. दुपारी रेंजवर सगळे एका मोबाइलभोवती. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), स्वप्नील कुसाळे, ४५१.४, कांस्य. राधानगरीच्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत नोकरी, आणि सराव इथे, बालेवाडीत. या प्रकारात भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राला वैयक्तिक पदक १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर आज मिळालं. ज्युनिअर मुलगी रडत होती. दादा म्हणाले, "आता बघा, पुढच्या महिन्यात .२२ च्या रांगेत किती पोरं असतील." म्हणूनच या नोंदी नीट लिहायला हव्यात.

१८ ऑगस्ट
ऑर्डर गेली. तीन ठोकळे, म्हणजे आटे पाडलेले पण चेंबर न केलेले दांडे, ७६२ मिमी लांबीचे. अ : कापलेले सहा आटे, स्टेनलेस. ब : बटणवाले सहा आटे, क्रोम-मॉली. क : बटणवाले आठ आटे, स्टेनलेस. तिघांनी मिळून ठरवलं की कुठला कोणाचा हे मोजल्यानंतर ठरेल. ज्युनिअर मुलीला पहिली निवड. तिच्यापुढे सगळ्यात जास्त वर्षं आहेत.

१७ नोव्हेंबर
तीन महिने गेले. मधल्या काळात निर्यात परवान्यावर रायफलचा प्रकार चुकीचा लिहिला गेला म्हणून कागद परत आले, महिना तिथेच मोडला. पुढच्यांसाठी : आयातीच्या अर्जात, बिलात आणि परवान्यात वस्तूचं वर्णन अक्षरशः एकसारखं हवं. एका ठिकाणी 'बॅरल' आणि दुसऱ्या ठिकाणी 'रायफलचा भाग' असं असलं की फाइल थांबते.

ठोकळे मुंबईला गनस्मिथकाकांकडे पोचले.

२३ नोव्हेंबर
मुंबईत, काकांच्या वर्कशॉपमध्ये, त्यांच्या समोर. ही पूर्ण लेखातली सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे.

आधी डोळ्याने. बोअरस्कोपमध्ये अ सगळ्यात देखणा. खाचांच्या तळाशी लॅपिंगच्या लांबट रेषा, सगळ्या नळीच्या दिशेने, एकही आडवी नाही. ब मध्ये थोड्या आडव्या रेषा दिसल्या, रीमरच्या, म्हणजे भोक मापात आणणाऱ्या हत्याराच्या. क मधला. नुसत्या डोळ्याने निवडायचं असतं तर तिघांनीही अ साठी हात वर केले असते.

मग पीळ. घट्ट चिंधी लावलेला क्लीनिंग रॉड, मूठ मोकळी फिरणारी. रॉडवर खूण करून एक फेरा होईपर्यंत ढकलायचा आणि अंतर मोजायचं. तिन्ही ४०६ च्या आसपास, एकसारखे फिरतात, कुठे अडखळत नाहीत.

आता शिसं. गळाला लावतात ती मऊ शिशाची वजनं आणली होती. त्यातून नळीपेक्षा किंचित जाड नमुना ठोकून घेतला, नळीत तेलाचा पातळ हात दिला, नमुना आत बसवला आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या रॉडने सावकाश ढकलला. जाणकार हे नुसत्या हाताने करतात. मी रॉडच्या मागे कंपनीतला फोर्स गेज लावला आणि दर २५ मिमीला आकडा लिहिला, म्हणजे तिघांचा हात वेगळा असला तरी नोंद एकच राहील.

एक गोष्ट आधी समजून घ्या. नमुना नळीतल्या सगळ्यात घट्ट जागेतून एकदा गेला की तो त्या मापाचा होतो. त्यानंतरची सगळी नळी सैल भासते, ती खरोखर सैल असो वा नसो. म्हणून दर वेळी नवा नमुना, आणि दोन्ही टोकांकडून. एकाच बाजूने ढकलून निकाल देणारा माणूस अर्धीच नळी वाचतोय.

ब : एका टोकाकडून दुसऱ्याकडे जोर २४ न्यूटनपासून ३३ पर्यंत हळूहळू चढत गेला. कुठेही पायरी नाही. उलट बाजूने सुरुवातीला जोर, मग सलग सैल. म्हणजे नळी एका टोकाला अगदी बारीक घट्ट होत जाते. घट्ट टोक तोंडाकडे ठेवायचं. शिशाच्या गोळीला शेवटपर्यंत धरून ठेवणारी नळी हवी, आणि ही तशी आहे.

क : २८-२९, पूर्ण लांबीत. निमुळती नाही, पण सैलही कुठे नाही.

अ : ३० ने सुरू, आणि एका टोकापासून १५० ते १८० मिमीच्या पट्ट्यात २१ वर पडला. पुन्हा ३०. नवा नमुना, उलट दिशा, तीच जागा. दादांना नुसत्या हातालाही कळलं, तिथे रॉड एकदम पुढे गेला. आलेख मागवला होता, पण तो आला नव्हता, आणि आता परत पाठवायचं तर पुन्हा निर्यातीचे सगळे कागद.

सैल जागा का वाईट? गोळी तिथे आट्यांवरची पकड सोडते, मागचा वायू कडेने निसटू लागतो, मग पुढे घट्ट भागात ती पुन्हा दाबली जाते. दर गोळीला हे थोडं वेगळं होतं. नळी सगळीकडे दोन मायक्रॉन मोठी असेल तर चालून जातं, त्या मापाला जुळणारं काडतूस मिळतं. मधेच दोन मायक्रॉन मोठी असेल तर तिला जुळणारं काडतूसच नसतं. सगळ्या खटाटोपातून मी शिकले ते हेच : माप जाहिरातीइतकं नेमकं असण्यापेक्षा ते नळीभर सारखं असणं महत्त्वाचं.

उपाय दादांनीच सुचवला. ७६२ मधून ते टोक तोंडाकडे घ्यायचं आणि २०२ मिमी कापून टाकायचं. ५६० उरते. ती पूर्ण एकसारखी आहे. पुढे नळकांडं जोडलं की साइटचं अंतर भरून निघतं. "मला तसंही आखूडच आवडते," म्हणाले.

ज्युनिअर मुलीने ब निवडली. मला क.

तीनही ठोकळ्यांवर काकांनी नंबर कोरले, वहीत चढवले.

१ डिसेंबर
काकांशी कामाचा क्रम ठरवला आणि लिहून दिला. चेंबर आधी, तोंडाची कापणी आणि क्राऊन (नळीच्या तोंडाची कड) सगळ्यात शेवटी. कारण चेंबर पुन्हा करायची वेळ आली तर मागून कापायला लांबी शिल्लक हवी.

आमच्या ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट असलेल्या मागच्या भागात, बॅरल स्क्रूसारख्या आट्यांनी बसत नाही. तिचं मागचं टोक ॲक्शनमध्ये सरकतं आणि आडव्या पिनांनी धरलं जातं. ते टोक जितकं नेमकं वळवलेलं, तितकी पकड पक्की. काडतुसाच्या रिमसाठीची (मागच्या कडेसाठीची) जागा ०.०४३ इंच, म्हणजे १.०९ मिमी. ती सैल झाली की फायरिंग पिनचा ठोका दर वेळी वेगळा बसतो.

२२ डिसेंबर
क चं चेंबर झालं, बघायला गेले. आणि इथे काम बिघडलं होतं.

तपासणी अशी : न झाडलेलं काडतूस हाताने सावकाश चेंबरमध्ये बसवायचं आणि अलगद बाहेर काढायचं. ही तपासणी काकांनीच, त्यांच्या बाकावर केली. मॅच चेंबरमध्ये गोळीचा पुढचा भाग आट्यांत थोडा शिरतो आणि त्यावर उंचवट्यांच्या खुणा उमटतात. आठ आटे, तर आठ खुणा, सगळ्या सारख्या लांबीच्या यायला हव्यात. आल्या पाच. एका बाजूला लांब, समोरच्या बाजूला काहीच नाही. म्हणजे चेंबर नळीच्या मध्यावर नाही.

कारण शोधलं. त्यांच्या कारागिराने लेथवर बॅरल बाहेरच्या व्यासावर डायल गेज लावून सेट केली होती. पण ७६२ मिमीच्या दांड्यात खोल भोक पाडताना ड्रिल थोडं भरकटतंच. बाहेरचा गोल आणि आतला गोल यांचा मध्य कधीच पूर्ण एक नसतो. डायल आतल्या नळीवर, आट्यांवर लावायला हवा, आणि तोही दोन ठिकाणी, टोकाशी आणि आत काही अंतरावर, म्हणजे नळीची दिशाही कळते.

काकांनी लगेच मान्य केलं. मागून २५ मिमी कापून, नळीवर सेट करून पुन्हा. तोंडाची कापणी बाकी होती म्हणून लांबी गेली नाही. पैसे घेतले नाहीत, पण रीमर पुन्हा धार लावायला गेला आणि तीन आठवडे गेले. बाकीच्या दोन्ही बॅरल आता पहिल्यापासून नळीवरच सेट होतील.

१२ जानेवारी २०२५
आठही खुणा सारख्या. भिंगाखाली मोजल्या, सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड यांत नखाएवढाही फरक दिसत नाही.

क्राऊन बघितला. साधा, आत दबलेला, सपाट. तपासायला कान साफ करायची कापसाची काडी : आतून बाहेर फिरवत आणायची. एकही धागा अडकला तर तिथे बर, म्हणजे धातूची उचललेली बारीक कड, आहे. धागा अडकला, एका खाचेच्या कडेला. काकांनी पुन्हा हलका हात फिरवला. दुसऱ्यांदा कापूस स्वच्छ निघाला. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श या कडेला होतो. बाकी सगळं बरोबर असून एवढ्या एका बरने ग्रुप उघडतो.

जुनी बॅरल काकांकडे जमा, पावती घेतली. ती भंगारात जात नाही, तीही कायद्याने शस्त्राचा भाग आहे.

१९ जानेवारी
बालेवाडी, सकाळी सात. वारा उठायच्या आत. थंडी दहा-अकरा अंश, काडतुसावरचं मेण कडक. पहिले ग्रुप २६, २२, २१, मधेच एक गोळी लांब. घाबरू नये. नव्या नळीत मेण आणि शिसं यांचा पातळ थर बसेपर्यंत असंच होतं. मधे चिंधी फिरवत चाललं, दिवसाच्या शेवटी १९.

वापरलेला लॉट तोच, जुन्या बॅरलला आवडणारा. आणि १९ च्या खाली तो जायला तयार नाही.

२ फेब्रुवारी
आज लॉट बदलून पाहिले. इथे अनेक जण थांबतात आणि बॅरललाच नावं ठेवतात.

एकाच नावाच्या डब्यात दोन लॉट वेगळे वागतात. युरोपात नेमबाज रायफल घेऊन कारखान्यात जातात, बर्मिंगहॅमला इलीच्या किंवा श्योनेबेकला लापुआच्या चाचणी रेंजवर, आणि स्वतःच्या बॅरलला जुळणारा लॉट निवडून आणतात. आपल्याला ते परवडत नाही, म्हणून रेंजवर ज्यांच्याकडे जे आहे ते पाहिलं. डब्यावर वेग छापलेला असतो, तो टिपून ठेवा. चाचणीच्या गोळ्याही परवान्यावरच्या वार्षिक मर्यादेतूनच जातात, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच हिशेब करून बाजूला काढा.

प्रत्येक लॉट बदलताना नळी ओल्या चिंधीने पुसली आणि ग्रुप मोजण्याआधी पुरेशा गोळ्या मारून नळीला नव्या मेणाची सवय होऊ दिली. मेण प्रत्येक कंपनीचं वेगळं, मागचं मेण आत असताना पुढच्याचा निकाल खोटा येतो.

क ला : जुना लॉट १९. दुसरा, जास्त महाग, १८. तिसरा, मधल्या किमतीचा, १४.५, आणि तो आकडा पुन्हा पुन्हा आला. सगळ्यात महाग डबा सगळ्यात चांगला, हे इथे पुन्हा एकदा खोटं ठरलं.

१६ फेब्रुवारी
तिघांच्याही बॅरल बसल्या. ब, ज्युनिअर मुलीची : १३.९. अ, दादांची, ५६० मिमी आणि पुढे नळकांडं : १४.८. जी फुकट जाणार वाटली होती तीच. कापायच्या आधी काकांनी ती एकदा तशीच बसवून पाहायचा विचार केला होता. दादा नको म्हणाले, सैल जागा दिसतेय तर गोळ्या कशाला घालवायच्या.

प्रोनमध्ये, स्लिंग लावून, माझी साठ गोळ्यांची मालिका आधीपेक्षा चांगली गेली. वारा डावीकडून येत होता तेव्हा एक नऊ लागला. तो नऊ माझा होता, आणि आता ते खात्रीने सांगता येतं.

खर्च माझ्या वाट्याचा : ठोकळा ४१ हजार, भाडं, कर आणि एजंट मिळून ३६ हजार, बसवणी २८ हजार, चाचणीची काडतुसं २२ हजार. एकूण १ लाख २७ हजार. एकट्याने मागवली असती तर मधला आकडा दुपटीच्या पुढे गेला असता. वेळ जूनपासून फेब्रुवारी. त्यातला हाताचा वेळ थोडा, बाकी सगळा कागदांचा.

२ मार्च
देखभाल ठरवली. सरावानंतर दोन-तीन चिंध्या, चेंबरकडूनच, रॉडला गाइड लावून. तोंडाकडून रॉड घालायचा नाही, क्राऊनला लागतो. चेंबरच्या पुढे काजळीचं कडं बसतं, ते चिंधीने जात नाही, त्यासाठी ठरावीक काळाने ब्राँझ ब्रश आणि सॉल्व्हंट. ब क्रोम-मॉलीची आहे, तिच्या पेटीत जूनपासून सिलिका जेल आणि नळीत तेल, मारण्याआधी तेल कोरडं पुसून. बोअरस्कोपने सहा वाजताच्या जागेचा फोटो आज काढून ठेवला. दर सहा महिन्यांनी त्याच जागेचा काढायचा.

आता तिसरा लॉट. विक्रेत्याकडे त्याच नंबरचे डबे किती शिल्लक आहेत ते विचारलंय. दादांच्या अ ला तो १७ देतो, म्हणून त्यांना नको. ज्युनिअर मुलीला चालतो. उद्या आम्ही दोघी मिळून, परवान्याच्या मर्यादेत बसेल तेवढा, उचलतोय.